शिष्यवृत्तीचे पैसे फीच्या तारखेला येत नाहीत

काउन्सेलिंगमध्ये सीट मिळाली की कॉलेज पहिला हप्ता मागतं, आणि मुदत असते जेमतेम काही दिवसांची. शिष्यवृत्तीचा अर्ज भरला जातो त्यानंतर. तो आधी कॉलेज तपासतं, मग जिल्ह्याचा किंवा राज्याचा नोडल अधिकारी तपासतो, आणि पैसे खात्यात यायला अनेकदा वर्ष सरत आलेलं असतं. इंदूरमधल्या बारावीच्या घरांत ‘कुठली शिष्यवृत्ती मिळेल’ याची चर्चा खूप होते, पण पैसे कधी लागणार आणि कुठली मदत त्याआधी पोचणार, हे फारसं कोणी मांडून बघत नाही. खरी अडचण तिथेच होते. पात्र असलेली मुलंसुद्धा पहिल्या हप्त्यापाशी अडकतात, किंवा घाईघाईत चुकीचं कर्ज काढतात.

म्हणून शोधाचा क्रम असा ठेवावा: जी फी मुळात आकारलीच जात नाही ती सवलत आधी, मग सरकार भरतं ती फी, मग विद्यार्थ्याच्या हातात येणारी रक्कम, आणि जे उरेल तेवढ्यापुरतंच कर्ज.

पहिल्या प्रकारातली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे ट्यूशन फी वेव्हर, काउन्सेलिंगच्या भाषेत टीएफडब्ल्यू. एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) मान्यता असलेल्या कॉलेजांत मंजूर जागांच्या वर ५ टक्के जागा यासाठी असतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि जागा गुणवत्तेनेच मिळते. यात ट्यूशन फी माफ होते. विकास शुल्क, परीक्षा शुल्क, हॉस्टेल, बस हे सगळं भरावंच लागतं. पैसे परत येण्याची वाट बघावी लागत नाही, हा याचा मोठा गुण. पण ही जागा फक्त राज्याच्या तंत्रशिक्षण संचालनालयाच्या काउन्सेलिंगमधून मिळते आणि चॉइस भरताना ती वेगळा पर्याय म्हणून निवडावी लागते. कॉलेजात जाऊन ‘आमचं उत्पन्न कमी आहे, टीएफडब्ल्यू द्या’ म्हटलं तर काही होत नाही. दुसरी अट लक्षात ठेवा: या जागेवर प्रवेश घेतल्यावर कॉलेज किंवा ब्रँच बदलता येत नाही. ‘आत्ता सिव्हिल घेऊ, पुढच्या वर्षी कॉम्प्युटरला जाऊ’ हा विचार इथे चालणार नाही.

आयआयटीत जाणाऱ्यांसाठी सवलत संस्थेकडूनच मिळते. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ट्यूशन फी पूर्ण माफ आहे. बाकी कोणाच्याही घरचं उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर पूर्ण, आणि १ ते ५ लाख असेल तर दोन तृतीयांश माफ होते. हे उत्पन्नावर ठरतं, प्रवर्गावर नाही. ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा) दाखला काढला म्हणजे ही सवलत आपोआप मिळाली असं समजू नये, उत्पन्नाचा दाखला स्वतंत्र लागतो.

आता राज्याची योजना. मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना २०१७ पासून चालू आहे आणि मध्य प्रदेशातल्या मध्यमवर्गीय घरांसाठी याहून मोठी मदत दुसरी नाही. मध्य प्रदेशचा मूळ निवासी दाखला, एमपी बोर्डात बारावीला ७० टक्के किंवा सीबीएसई-आयसीएसईत ८५ टक्के, आणि उत्पन्न ८ लाखांच्या आत (आधी ही मर्यादा ६ लाख होती) या तिच्या मुख्य अटी. इंजिनिअरिंगसाठी आणखी एक अट आहे आणि तिथेच बहुतेकांचा घात होतो: जेईई मेनमध्ये दीड लाखाच्या आतली रँक. ‘आपल्याला इंदूरमध्येच तर राहायचंय, बारावीच्या गुणांवर नंतरच्या फेरीत मिळेल प्रवेश’ म्हणून जेईई मेन न देणारी किंवा सहज जाऊन देऊन येणारी मुलं इथल्या खासगी कॉलेजात प्रवेश मिळवतात, पण योजनेला मुकतात. आयआयटीचं स्वप्न नसलं तरी जेईई मेन मनापासून द्या. दीड लाखाच्या आतली रँक म्हणजे सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजची पूर्ण फी, आणि खासगी कॉलेजात प्रत्यक्ष फी किंवा दीड लाख रुपये, यांतली जी रक्कम कमी असेल ती.

मेडिकलला नीट, कायद्याच्या राष्ट्रीय विद्यापीठांना क्लॅट, आणि सरकारी कॉलेजातल्या साध्या पदवी अभ्यासक्रमांनाही ही योजना लागू होते. मेस आणि अनामत रक्कम तिच्यात धरत नाहीत. मेडिकलला तिच्याबरोबर ग्रामीण सेवेचा बाँड येतो, सरकारी कॉलेजला २ वर्षांचा आणि खासगीला ५ वर्षांचा. मुलाने पुढे लगेच पीजी करायचं ठरवलं असेल तर बाँडचा मजकूर सही करण्याआधी शब्दन्‌शब्द वाचा.

गुण ७० किंवा ८५ पर्यंत पोचले नाहीत, पण आई किंवा वडील असंघटित कामगार म्हणून श्रम विभागाकडे नोंदलेले असतील, तर मुख्यमंत्री जनकल्याण शिक्षा प्रोत्साहन योजना बघा. घरकाम, शिवणकाम, मालवाहतूक करणाऱ्या अनेक घरांत या नोंदणीचं संबल कार्ड असतं, पण ते मुलांच्या फीसाठीही उपयोगी पडतं हे ठाऊक नसतं. मुलींसाठी दोन लहान योजना आहेत: गावात राहून बारावी पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण झालेल्यांना ‘गांव की बेटी’, आणि शहरातल्या दारिद्र्यरेषेखालच्या घरांतल्या मुलींना ‘प्रतिभा किरण’. दोन्हींत १० महिने दरमहा ५०० रुपये, तांत्रिक आणि वैद्यकीय शिक्षणाला ७५०. रक्कम लहान आहे, पण वर्षभराचा सिटी बसचा पास आणि पुस्तकं त्यातून सुटतात.

इंदूरच्या मराठी घरांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. मावशी पुण्याला आहे, काका ठाण्याला आहेत, तेव्हा मुलाला तिकडेच शिकवू, असा विचार सर्रास होतो. राहण्याची सोय होते हे खरं, पण फीच्या हिशेबात दोन्हीकडून नुकसान होतं. महाराष्ट्राच्या महाडीबीटी पोर्टलवरच्या राज्य योजनांना महाराष्ट्राचा अधिवास लागतो, तो आपल्याकडे नसतो. आणि मेधावी योजना मध्य प्रदेशाबाहेर आयआयटी, एनआयटी, राष्ट्रीय विधी विद्यापीठं अशा राष्ट्रीय संस्थांपुरतीच जाते, पुण्याच्या खासगी कॉलेजापर्यंत जात नाही. बाहेर जाताना सोबत येतात त्या केंद्राच्या शिष्यवृत्त्या आणि शैक्षणिक कर्ज. नातेवाइकांकडे राहून वाचणारं भाडं आणि इथे मिळू शकणारी फी, हे दोन्ही आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहा आणि मगच ठरवा.

जातीच्या दाखल्याचंही तसंच. मध्य प्रदेशात अनुसूचित जाती-जमातीसाठी कुटुंब १९५० पासून आणि ओबीसीसाठी १९८४ पासून राज्यात राहत असल्याचा पुरावा मागतात, आणि जात मध्य प्रदेशच्या यादीत असावी लागते. होळकरांच्या काळापासून इथे असलेल्या घरांना पुरावा काढता येतो: आजोबांच्या शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरचा उतारा, जुनी मतदार यादी, नोकरीची सेवापुस्तिका, घरपट्टीच्या पावत्या. त्यानंतर महाराष्ट्रातून आलेल्या अनुसूचित जाती-जमातीच्या घरांना वडिलांच्या मूळ राज्याच्या दाखल्यावर केंद्रीय संस्थांतल्या सवलती मिळतात, राज्याची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती मात्र मिळत नाही. जे पात्र आहेत त्यांनी हस्तलिखित जुन्या दाखल्यावर विसंबू नये. पोर्टल डिजिटल दाखल्याचा क्रमांक मागतं, आणि जुना दाखला डिजिटल करून घ्यायला वेळ लागतो. हे काम बारावीच्या परीक्षेआधीच लोकसेवा केंद्रात टाकून द्यावं.

केंद्राच्या शिष्यवृत्त्यांसाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल, म्हणजे एनएसपी. आता तिथे आधी आधारवरून एकदाच नोंदणी करून ओटीआर क्रमांक घ्यावा लागतो आणि चेहऱ्याची पडताळणी होते. हा क्रमांक जपून ठेवा, पुढच्या सगळ्या वर्षांना तोच लागतो. कॉलेज आणि विद्यापीठाच्या मुलांसाठी तिथे जी योजना आहे तिच्यात पदवीच्या पहिल्या तीन वर्षांना वर्षाला १२,००० आणि पदव्युत्तरला २०,००० रुपये मिळतात. बीटेकच्या चौथ्या वर्षालाही २०,०००. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत हवं, आणि बारावीत आपल्या बोर्डाच्या ८० पर्सेंटाइलच्या वर असावं लागतं. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत: आपल्या शाखेत त्या वर्षी उत्तीर्ण झालेल्यांपैकी वरच्या २० टक्क्यांत असणं एवढाच त्याचा अर्थ. ७६ टक्के मिळालेला विद्यार्थीसुद्धा एखाद्या वर्षी त्यात बसू शकतो, म्हणून स्वतःच अंदाज बांधून अर्ज सोडू नका. पण राज्याची शिष्यवृत्ती किंवा फी माफी घेत असाल तर ही मिळत नाही. दोन्ही अर्ज भरून ‘जी येईल ती येईल’ म्हणणाऱ्यांचा दुसरा अर्ज रद्द होतो, कधी रक्कम परतही मागितली जाते. आकडा बघून एकच निवडा. फी दीड लाख असेल तर मेधावी, सरकारी कॉलेजात बीए-बीकॉमची फी काही हजारच असेल तर बहुतेक वेळा हे १२,०००च फायद्याचे.

डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलींना एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ५०,००० रुपये, उत्पन्नमर्यादा ८ लाख, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतलेल्याही चालतात. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी त्याच रकमेची सक्षम शिष्यवृत्ती आहे. शहरातल्या मुलींच्या घरी हे माहीतच नसतं याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण चार वर्षांचे मिळून दोन लाख होतात.

आता जिथे अर्ज प्रत्यक्षात अडकतात त्याबद्दल सविस्तर सांगतो, कारण पात्रतेपेक्षा इथेच जास्त पैसे बुडतात.

पहिलं नाव. आपल्याकडे आधारवर मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तिपेडी नाव असतं. दहावीच्या गुणपत्रिकेवर अनेकदा नाव आणि आडनाव एवढंच असतं, वडील वेगळ्या ओळीत. बँकेत तिसराच प्रकार. त्यात इथले सगळे कागद हिंदीत बनतात, आणि काळे, कुळकर्णी, पळशीकर यांचा ळ लिहिताना ल होतो, मग इंग्रजी स्पेलिंगही कुठे एक आणि कुठे दुसरं पडतं. पोर्टल हे नाव यंत्राने जुळवतं, तिथे कोणी समजून घेणारं बसलेलं नसतं. दहावीची गुणपत्रिका पाया धरा आणि बाकी सगळं तिच्याशी जुळवा: आधी आधार, मग समग्र (मध्य प्रदेश सरकारची कुटुंबनोंदणी), शेवटी बँक. उलट क्रमाने केलं तर दुरुस्ती पुन्हा करावी लागते.

समग्रमध्ये दोन क्रमांक असतात, कुटुंबाचा ८ अंकी आणि व्यक्तीचा ९ अंकी. अर्जात व्यक्तीचा लागतो. समग्रचं आधार ई-केवायसी झालेलं हवं. जन्मतारीख चुकीची असणं, मुलाचं नाव अजून आजोबांच्या कुटुंबात असणं, घर बदलल्यावर जुनाच वॉर्ड राहणं, हे नेहमीचे घोळ. दुरुस्तीची विनंती पोर्टलवरून जाते, पण ती मंजूर होते नगर निगमच्या झोन कार्यालयातून. एप्रिल-मेमध्ये तिथे गर्दी कमी असते, जुलैत उभं राहायला जागा नसते.

मग बँक. ‘खात्याला आधार जोडलेलं आहे’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. केवायसीसाठी बँकेने आधार घेतलं, हा एक. एनपीसीआयच्या (राष्ट्रीय पेमेंट महामंडळाच्या) नोंदीत ते खाते तुमच्या आधारशी बांधलं गेलं, हा दुसरा. सरकारी पैसे दुसऱ्या नोंदीवर येतात. एका आधारला एका वेळी एकच खातं बांधलेलं असतं, शेवटी बांधलं ते. अर्जात कुठलाही खाते क्रमांक लिहिला तरी रक्कम त्याच खात्यात जाते. हे कुठलं खातं आहे ते ‘माय आधार’ संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटसमध्ये दिसतं. अर्ज भरण्याच्या दिवशीच ते बघून घ्या. शाळेत असताना उघडलेली छोटी खाती आणखी एका कारणाने दगा देतात: पूर्ण केवायसी नसलेल्या छोट्या खात्यात वर्षाला एक लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही. दीड लाखाची फी तिथे आली की परत जाते. मुलगा अठरा वर्षांचा झाला की अज्ञान खातं नव्या सहीने आणि केवायसीने नियमित करून घ्यावं लागतं, नाहीतर व्यवहार थांबतात.

उत्पन्नाच्या बाबतीत सगळ्यात मोठा धोका म्हणजे वेगवेगळ्या अर्जांत वेगवेगळे आकडे. एका ठिकाणी वडिलांचा हातात येणारा पगार, दुसरीकडे कपातीपूर्वीचा, आईची शिकवणी किंवा खानावळ धरलेलीच नाही. उत्पन्न म्हणजे कुटुंबाचं, कपातीपूर्वीचं, वर्षाचं. आकडा एकदा नीट काढा, दाखला त्यावर घ्या आणि सगळीकडे तोच लिहा. ईडब्ल्यूएसचा दाखला एका आर्थिक वर्षापुरताच असतो, तो एप्रिलनंतरच काढावा.

एमपी ऑनलाइनच्या दुकानात अर्ज भरून घेण्यात गैर काही नाही, भंवरकुआँ किंवा राजवाड्याकडे अशी दुकानं पावलोपावली आहेत. पण तिथे आपला मोबाइल आणि आपला ईमेल टाकला जातोय ना, हे शेजारी उभं राहून बघा. घाईत दुकानदार आपलाच नंबर टाकतो, मग ‘अर्ज सदोष, दुरुस्त करा’ हा निरोप त्याच्या फोनवर जातो आणि मुदत टळून जाते. पासवर्ड घरच्या वहीत लिहून ठेवा. ऑनलाइन अर्ज झाल्यावर त्याची छापील प्रत आणि कागद कॉलेजच्या नोडल अधिकाऱ्याकडे देऊन पोच घ्या. कॉलेजने पुढे पाठवल्याशिवाय तो अर्ज कुठेच जात नाही, म्हणून दर पंधरा दिवसांनी स्थिती बघा. कोर्स किंवा वर्ष चुकीचं निवडलेलं असणं हे सदोष ठरण्याचं नेहमीचं कारण.

तोवर पहिला हप्ता कसा भरायचा? कॉलेजच्या लेखा विभागात लेखी अर्ज द्या: अमुक योजनेसाठी अर्ज केला आहे, ही त्याची पोच, हप्ते करून मिळावेत. सरकारी कॉलेजं बहुधा ऐकतात, खासगीत प्राचार्यांशी बोलावं लागतं. आपल्या समाजाच्या ट्रस्ट आणि मंडळांकडे मोठी रक्कम नसते, पण ती नेमकी याच वेळी कामी येते. तिथे मे महिन्यातच अर्ज मागवले जातात का, याची चौकशी करा. रिलायन्स फाउंडेशनची पदवीची शिष्यवृत्तीही पाहावी: पहिल्या वर्षाला असलेल्या, बारावीत ६० टक्के मिळालेल्या, १५ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या विद्यार्थ्यांना ऑनलाइन परीक्षा देऊन पदवीभर मिळून २ लाखांपर्यंत मिळतात.

उरलेल्या रकमेसाठी कर्ज. ४ लाखांपर्यंत बँक तारण मागत नाही आणि स्वतःचा वाटाही मागत नाही. ४ लाखांच्या वर देशातल्या शिक्षणाला ५ टक्के वाटा आपला असतो. साडेसात लाखांपर्यंत केंद्राच्या हमी निधीमुळे तारणाशिवाय कर्ज मिळतं, आई किंवा वडील सहकर्जदार असतात. शाखेत कोणी घर गहाण ठेवायला सांगितलं तर ‘हमी योजनेखाली प्रस्ताव करा’ असं लेखी द्या. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करा, म्हणजे नकाराचं कारण नोंदलं जातं. कॉलेजकडून चारही वर्षांच्या फीचा तपशील लेटरहेडवर घ्या आणि त्यात हॉस्टेल, पुस्तकं, लॅपटॉपही लिहून घ्या, तपशिलात नसलेल्या खर्चाला बँक पैसे देत नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतल्या विद्यार्थ्यांना तारणही लागत नाही आणि जामीनदारही लागत नाही. आयआयटी इंदूर, आयआयएम इंदूर यांसारख्या केंद्राच्या संस्था तिच्यात येतात. ८ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात ३ टक्के व्याजसवलत मिळू शकते. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेला प्रवेश मात्र चालत नाही. साडेचार लाखांच्या आतल्या घरांना व्यावसायिक आणि तांत्रिक शिक्षणासाठी शिक्षणकाळातलं पूर्ण व्याज सरकार भरतं, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला बँकेत वेळेवर द्या.

ही सवलत बसत नसेल तर व्याजाचा हिशेब आत्ताच करा. समजा दरवर्षी सुरुवातीला १ लाख असे चार वर्षांत ४ लाख उचलले आणि दर १० टक्के धरला. कोर्स आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नसतो, पण सरळ व्याज चालूच असतं: ५, ४, ३ आणि २ वर्षांचं मिळून १ लाख ४० हजार. हे मुद्दलात मिळालं की ५ लाख ४० हजारांवर १० वर्षांचा हप्ता सुमारे ७,१३६ रुपये. तेच व्याज शिकत असताना भरत गेलात तर हप्ता सुमारे ५,२८६ रुपये. पहिल्या वर्षी हे व्याज महिन्याला ८३३ रुपयेच असतं, चौथ्या वर्षी ३,३३३ पर्यंत जातं. अनेक बँका असं व्याज भरणाऱ्याला दरात १ टक्का सूट देतात, मंजुरीपत्रात ती लिहून घ्या. फेडताना व्याजावर आयकरात ८ वर्षांपर्यंत वजावट मिळते, जुनी करपद्धत निवडली असेल तरच.

आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरण विसरू नका. एनएसपीवर ते आपोआप होत नाही, दरवर्षी अर्ज करावा लागतो, वर सांगितलेल्या १२,०००च्या योजनेत ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. हजेरी कमी पडत असेल तर आजारपणाचे कागद सत्र चालू असतानाच विभागात द्या, निकालानंतर ते कोणी घेत नाही.